एकवीस गाठी

तीन की चार?

गुर्मेत मास्तरांची सगळी घालमेल या एका आकड्यापाशी येऊन थांबते. यरमाच्या घळीतल्या त्या कढत पाण्यात गंधक किती आणि टाकणखार किती, हे ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्यांचा पहिला शोधनिबंध त्यावरच होता. पण १९७४च्या नोव्हेंबरात, एका दुपारी, दगडी आडोशाच्या भिंतीला टेकून बसलेली गाठोडी तीन होती की चार, हे काही त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कधी त्यांना वाटतं, आपल्याला स्पष्ट आठवतंय. कधी वाटतं, ही आठवण म्हणजे पुन्हा पुन्हा उकळलेला आपला खारा चहा आहे. त्यात मूळचं मीठ किती आणि मागून पडलेलं किती, कोण सांगणार?

तेव्हा जसं त्यांना आठवतं तसंच सांगायला हवं.

मास्तर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. चंदीगडहून रसायनशास्त्र शिकून नुकतेच लेहला परतले होते आणि शाळेत शिकवत होते. घरी एकच माणूस, थोरली बहीण यांगदोल. आई-वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हा पाच. तिनं लग्न केलं नाही. लोकांच्या शेतांना पाणी देण्याचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं. बर्फ वितळून आलेल्या पाटाच्या पाण्यात पहाटेपासून पोटऱ्यांपर्यंत उभं राहायचं, बांध फोडायचा, बांध घालायचा. भाऊ शिकला. बहिणीचे गुडघे मात्र भोपळ्यासारखे सुजले, बोटं आत वळली आणि मुठी उघडेनाशा झाल्या. त्या वर्षी उन्हाळ्यात तिला उंबरा ओलांडता येईना.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान हलवली. आमचीनं, म्हणजे गावच्या वैद्यानं, तीन बोटांनी नाडी बघितली आणि सांगितलं, "यरमाचं पाणी. सात दिवस, रोज तीन वेळा. एकवीस स्नानं. वीस नाही, बावीस नाही."

गुर्मेतला हसू आलं होतं. पण त्यानं ते गिळलं. बहिणीचे पाय परत येणार असतील तर तो आकड्यांवरही विश्वास ठेवायला तयार होता.

ड्रायव्हर आचो नुरबूच्या ट्रकनं त्यांना घळीच्या तोंडाशी सोडलं. ट्रक पुढच्या चौकीपर्यंत जाणार होता आणि सातव्या दिवशी दुपारी परत येणार होता. ती त्या वर्षाची शेवटची खेप. त्यानंतर एप्रिलपर्यंत त्या रस्त्यावर चाक फिरत नसे. रस्त्यापासून झऱ्यापर्यंत उतार होता. गुर्मेतनं बहिणीला पाठुंगळी घेतलं.

"नोनो, जड आहे का रे मी?"

"छे गं, आचे-ले. सातूच्या पोत्याएवढी."

"भरलेल्या की रिकाम्या?"

"अर्ध्या. बाकीचं उंदरांनी खाल्लं."

ती त्याच्या मानेशी हसली. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, गवताचं पातं नाही, आणि तळाशी काठाकाठानं गोठत आलेली नदी. त्या एवढ्या उजाड रुक्षपणात एका ठिकाणी जमीन पांढरी पडली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. कुजक्या अंड्यांचा वास यायचा. पाण्याचा आवाज मात्र नव्हता. ते पाणी खळखळत नसे. फक्त मधूनच, कुणीतरी खाली श्वास सोडावा तसा एक बुडबुडा यायचा.

झऱ्याची राखण मेमे थरचिन, म्हणजे थरचिन आजोबा, करायचे. वय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. त्या आठवड्यात आणखी दोघंच रोगी होते. कंबर धरलेली म्हातारी अबी कुन्झेस आणि खांद्याच्या दुखण्यानं आलेला चांगथांगचा मेंढपाळ रिगझिन. रिगझिन दिवसातून चार शब्द बोलायचा. उरलेले सगळे अबी बोलायची.

स्नानापेक्षा स्नानानंतरचं महत्त्वाचं, असं आमची म्हणाला होता. पाण्यातून निघालं की गुडघे छातीशी घेऊन बसायचं, लष्करी करडं कांबळं डोक्यावरून पायापर्यंत गुंडाळायचं, वरून दोरी बांधायची आणि घाम गाळायचा. तोंड उघडायचं नाही, वारं आत शिरतं. झोपायचं तर मुळीच नाही, उष्णता काळजात उतरते आणि माणूस जागा होत नाही. म्हणून घरच्या माणसानं समोर बसून बोलत राहायचं आणि रोग्यानं मिटल्या तोंडानं हुंकार द्यायचा. वेळ संपेपर्यंत कांबळं कुणी उघडायचं नाही. वेळ सांगायला घड्याळ नव्हतं. समोरच्या कड्याची सावली सरकत सरकत एका पांढऱ्या खडकाला टेकली, की दुपारचा घाम पुरा झाला.

"मेल्यावर असंच बांधतात बघ," अबी कुन्झेस पहिल्याच दिवशी म्हणाली. "गुडघे छातीशी, वर फडकं. फरक एवढाच, तेव्हा आपल्या माणसांनी हात लावायचा नसतो. फासपुन लावतात." फासपुन म्हणजे एकाच कुलदेवतेची भाऊबंद घरं. मयताचं सगळं तेच करतात.

"अबी-ले, सकाळी सकाळी!" यांगदोल म्हणाली.

"सवय करून घेते गं. आयत्या वेळी धांदल नको."

मेमे हसले नाहीत. गुर्मेतला बाजूला घेऊन त्यांनी एक गोष्ट सांगितली. "बहिणीला हाक मारशील तेव्हा घराचं नाव घे. झुरपा घराची यांगदोल, अशी हाक मार. नुसतं आचे-ले म्हणू नकोस. आचे काय, कुणीही असतं. कधीकधी इथं एखादं जास्त बसतं."

"जास्त म्हणजे?"

"जास्त म्हणजे जास्त. उघडायचं नाही. आपली माणसं घेऊन जायचं. मग ते आपोआप कमी होतं."

गुर्मेतनं मान डोलावली आणि मनातल्या मनात ते सोडून दिलं. आचे म्हणजे थोरली बहीण; तिला नावानं हाक मारायची? जन्मात मारली नव्हती. जीभच वळली नसती.

आमचीनं एक लाल दोरा दिला होता. प्रत्येक स्नानाचा घाम पुरा झाला की त्यावर एक गाठ. यांगदोलच्या बोटांना ते जमणं शक्य नव्हतं. तिच्या मनगटावरच्या दोऱ्याला गाठी गुर्मेतच मारायचा. तो डावखुरा.

"खब्बू!" ती दर वेळी म्हणायची. "तुझी गाठ उलटीच पडते. देवानं सोडवायची म्हटली तर त्याला खाली डोकं वर पाय करावं लागेल."

"मग सोडवूच नये त्यानं."

समोर बसून तो काय बोलायचा? शाळेतले किस्से, चंदीगडच्या उन्हाळ्याच्या गोष्टी. मग विषय संपले की लहानपणच्या, ज्या तिनंच त्याला सांगितल्या होत्या. कांबळ्याच्या आतून तिचा हुंकार यायचा. एक आखूड, लगेच एक लांब. हुं… हुंऽऽ. तो पाच वर्षांचा असताना रात्री बडबडत सुटायचा, तेव्हाही ती कामातून मान वर न करता असाच हुंकार द्यायची.

पाचव्या दिवशी तिची उजवी करंगळी सरळ झाली. दोघांनी तिच्याकडे किती वेळ बघितलं असेल! सहाव्या दिवशी तिनं चहाचा वाडगा स्वतःच्या हातानं उचलला. गुर्मेत नदीकडे तोंड करून उभा राहिला. डोळे पुसताना तिनं बघू नये म्हणून.

सातवा दिवस कसा उगवला, ते कळलंच नाही. खालच्या अंगाला आभाळ भरून आलं होतं, घळीवर मात्र अजून ऊन होतं. दुपारी नुरबूचा ट्रक वर येऊन उभा राहिला आणि त्यानं कड्यावरून हाळी दिली, "मास्तर, खाली बर्फ सुरू झालंय! सावली खडकाला लागली की निघायचं. मी थांबणार नाही हां!"

एकविसावं स्नान झालं. आडोशाच्या भिंतीला तिघं बसली. डावीकडे अबी, मध्ये यांगदोल, उजव्या टोकाला रिगझिन. तीन करडी गाठोडी. गुर्मेतनं स्वतः दोरी बांधली. हे त्याला आठवतं. दोरीची गाठ, कांबळ्याच्या काठाची लाल रेघ, आतून आलेला हुंकार. आखूड, लांब. सगळं आठवतं.

किटली रिकामी होती. गार वारा हाडांत शिरत होता. मेमेंची झोपडी वीस पावलांवर. तो चहा आणायला गेला.

झोपडीत कुणी नव्हतं. चुलीवर चहा होता. त्यानं किटली भरली. बाहेर आला तर वारं पडलं होतं आणि वाफ जमिनीवर बसली होती. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. तो पावलं मोजत चालला. वास एकदम दाट झाला होता. आता त्यात ओल्या लोकरीचा वास होता, आणि आणखी कशाचा तरी. बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांचा.

वाफ जरा हलली. भिंत दिसली.

डावीकडचं एक. मग एक. मग आणखी एक. मग टोकाचं.

चारही सारखी. करडी, गुडघे छातीशी, डोकं किंचित पुढे.

तो उभा राहिला. किटलीची कडी हाताला भाजत होती तरी त्याला ते उशिरा कळलं. एखादा नवा रोगी आला असेल. ट्रकबरोबर आला असेल. नक्कीच. पण मधल्या दोहोंतली आपली कोणती? लाल रेघ दोहोंच्या काठाला होती. दोरीच्या गाठी मागच्या बाजूला, भिंतीकडे. त्याला घराचं नाव घ्यायला हवं होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही असेल. पण बावीस वर्षांची सवय त्याच्या भीतीहून चपळ निघाली.

"आचे-ले?"

"हुं," डावीकडून दुसरं म्हणालं. लगेच.

त्याच्या जिवात जीव आला. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि बोलू लागला. काय बोलत होता कोण जाणे. जर्दाळूच्या झाडावरून पडल्याची गोष्ट त्यानं काढली. तो वरच्या फांदीवर, खाली बहीण ओचा पसरून उभी…

"हुं," दुसरं म्हणालं. त्यानं अजून पडल्याचं सांगितलंही नव्हतं.

त्यानं पुढचं वाक्य सुरू केलं. अर्ध्यातच हुंकार आला. त्यापुढचं मनात आलं मात्र, ओठ हलण्याआधी…

"हुं."

आणि शेजारच्या तिसऱ्या गाठोड्याचं डोकं हळूहळू पुढे कलत होतं. पेंग यावी तसं. मग त्यातून एक आवाज आला. फार खोलवरून, फार थकलेला. हुंकार होता की श्वास, ते कळलं नाही. तो बोलायचा थांबला. ऐकू लागला. पण लगेच दुसरं "हुं… हुं… हुं…" असं म्हणत राहिलं, लहान मुलाला थोपटावं तसं, आणि त्याखाली बाकीचं काही ऐकू येईना.

वाफेतून मेमे आले. गुर्मेतनं त्यांची बाही धरली.

"मेमे-ले… किती आहेत?"

मेमेंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कुजबुजत विचारलं, "घराचं नाव घेऊन हाक मारलीस ना?"

गुर्मेत एम. एस्सी. होता. घाबरला होता. आणि म्हाताऱ्यासमोर मूर्ख ठरायची त्याला लाज वाटत होती. यातलं कशामुळे तो तसं बोलला, हे मास्तरांना अजूनही ठरवता आलेलं नाही.

"हो," तो म्हणाला.

"मग झालं," मेमे म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसला. "उत्तर दिलं तीच तुझी."

वाफेच्या फटीतून दिसणारी सावली त्या वेळी अजून खडकापासून वीतभर दूर होती. तेवढ्या अवधीत तो ते नाव घेऊ शकला असता. त्यानं घेतलं नाही. तिसऱ्यानं उत्तर दिलं असतं तर मग काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. कांबळं उघडावं, तर आतली खरी असेल तर वारं तिच्या हाडांत शिरेल आणि एकवीस स्नानं पाण्यात जातील. न उघडावं, तर… तो हात मांडीखाली दाबून बसून राहिला आणि सावलीकडे बघत राहिला.

सावली टेकली.

मेमेंनी अबीला सोडलं. "बाई बाई, शिजले मी," ती म्हणाली. त्यांनी टोकाच्या रिगझिनला सोडलं. त्यानं खांदा फिरवून बघितला. मग ते दुसऱ्यापाशी आले. दोरी सुटली. कांबळं खाली घसरलं.

यांगदोल. लालबुंद चेहरा, कपाळाला चिकटलेले केस. ती भावाकडे बघून हसली. आणि मग ती उठली. कुणाचा हात न धरता, गुडघ्यांवर जोर देऊन, उठून उभी राहिली.

"बघ रे नोनो," ती म्हणाली.

गुर्मेत हसत होता की रडत होता, ते त्याचं त्याला कळत नव्हतं. तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. बोटं उघडून त्याचा हात धरला. दहाही बोटं सरळ होती.

"आणि ही कोण?" अबीनं तिसऱ्या गाठोड्याकडे हनुवटी केली. "हिला नाही सोडायची?"

"हिची माणसं येतील," मेमे म्हणाले. "चला. निघा सगळे."

वर ट्रकचा भोंगा वाजला. बर्फाचे पहिले कण येऊ लागले होते. अबी आणि रिगझिन पुढे झाले. आडोशाच्या तोंडाशी गुर्मेतचे पाय अडले. तो मागे वळला. अगदी हळू, स्वतःलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तो म्हणाला,

"झुरपा घराची यांगदोल…"

त्याचा हात धरून उभी असलेली बाई काही बोलली नाही.

भिंतीपाशी कललेलं डोकं कष्टानं वर झालं.

एक आखूड. मग एक लांब.

"नोनो," बाई शेजारून म्हणाली. आवाज मऊ होता, बहिणीचाच होता. "उघडू नकोस हं. वारं शिरेल बिचारीला. चल, गाडी जाईल."

तिची बोटं सरळ होती, उबदार होती. ती चालत होती. सात दिवसांपूर्वी त्यानं जिला पाठीवर आणलं, ती त्याच्यापुढे चढ चढत होती. हेच तर त्यानं मागितलं होतं. तो चालला. वळणापर्यंत त्याला मागून हुंकार ऐकू येत होता. आखूड, लांब. आखूड, लांब. कुणीतरी अजून गोष्ट सांगत आहे, अशा भरवशानं. मग नुरबूनं गाडी सुरू केली.

गाडीत त्याला तिच्या मनगटावरचा दोरा दिसला. त्यानं मनात गाठी मोजल्या. एकवीस.

"शेवटची गाठ… मी मारली नव्हती," तो म्हणाला.

"मारलीस की. विसरलास?" ती म्हणाली आणि काचेबाहेर बघू लागली.

मारली असेल. धांदल होती. माणूस विसरतो.

त्यानंतर ती सव्वीस वर्षं जगली. शेत केलं, गाय पाळली, भावाच्या लग्नात नाचली, त्याच्या मुलांना मांडीवर घेऊन वाढवलं. तिच्याविरुद्ध एक शब्द बोलायला तिनं कुणाला जागा ठेवली नाही. मास्तर कधी तिच्यासमोर नीट जेवू शकले नाहीत, एवढंच. ती खरी असेल, तर ज्या बहिणीनं आपल्यासाठी पाय गमावले तिच्याकडे आपण सव्वीस वर्षं चोरट्या नजरेनं बघितलं. आणि नसेल, तर… त्याच्यापुढे त्यांचं मन जात नसे. पुढच्या उन्हाळ्यात ते यरमाला निघाले आणि घळीच्या तोंडावरून परतले. तीनदा निघाले, तीनदा परतले. मग पुरानं आडोसा वाहून नेल्याची बातमी आली. सुटलो असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज पुढे कायम राहिली.

त्यांना खटकत राहिलेली गोष्ट तशी क्षुल्लक होती. तिनं त्यांना पुन्हा कधी खब्बू म्हटलं नाही.

ती गेली तेव्हा फासपुनांनी तिला बांधलं. गुडघे छातीशी. मास्तर रीतीप्रमाणे दूर उभे राहिले. मनगटावरचा दोरा काढून फासपुनांपैकी एकानं तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो न बघता देवघरातल्या डबीत ठेवून दिला.

डबी उघडली ती आणखी चौदा वर्षांनी, डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरच्या हिवाळ्यात. पण आधी त्यांनी पडताळा घेतला, शिकलेल्या माणसानं घ्यावा तसा. दोन महिने रोज ते दोऱ्यावर गाठी मारत राहिले. घाईत, अंधारात, हातमोजे घालून, मुद्दाम निष्काळजीपणे. एकूण तीनशे. साध्या गाठीला पीळ असतो, डावा किंवा उजवा, आणि ती कशीही उलटसुलट करून बघितली तरी तो बदलत नाही. त्यांच्या तीनशेच्या तीनशे गाठींचा पीळ डावा निघाला.

मग त्यांनी लाल दोरा खिडकीतल्या उजेडात धरला आणि भिंग लावलं. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा गाठी एकवीस भरल्या, आणि एकवीसच्या एकवीस उजव्या हाताच्या होत्या.